मुक्या रविवारचा अहवाल

प्रिय दादा,

सोमवारपासून तू माझे चार फोन घेतले नाहीस. पाचवा घेतलास तो 'खुर्चीत पेशंट आहे' एवढं सांगण्यापुरता. म्हणून कागदावर लिहिते आहे. कागदाला मधेच तोडता येत नाही. 'आल्या आमच्या इंजिनीअरबाई' असंही त्याला म्हणता येत नाही; म्हणजे म्हणशील तू, पण मला ऐकू येणार नाही.

तुझा निरोप वहिनीकडून मिळाला. रविवारच्या रग्बीच्या सामन्याचा अहवाल मी क्लबला द्यायचा होता आणि त्यात 'कोण ओरडलं ते कळलं नाही' असं लिहावं, एवढंच तुझं म्हणणं आहे. निरोप सांगताना वहिनी माझ्याकडे बघत नव्हती. एक बशी पुसत होती, आणि ती बशी मघापासून कोरडीच होती. शेवटी म्हणाली, 'अगं, तुझा सख्खा भाऊ आहे तो.' मी हो म्हटलं, कारण ते खरं आहे.  आतल्या खोलीत पडदे ओढून तुझी मुलगी पडली होती. डोक्याला हादरा बसला आहे, आत रक्तस्राव नाही, तीन आठवडे मैदान बंद, वाचन दहा मिनिटांच्या वर नाही, हे डॉक्टरांनी तुलाही सांगितलं आणि मलाही. पण तिला हा हादरा बसला कसा, ते तू सगळ्यांना वेगळं सांगतो आहेस. म्हणून मी जे पाहिलं ते क्रमाने लिहिते.

तुला वाटतं की रेषेवरचं ते काम मी मिरवायला घेतलं. तसं नाही. दर रविवारी एका मोठ्या माणसाने दंडाला नारिंगी पट्टा बांधायचा, पालकांना दोरीच्या मागे ठेवायचं, त्यांच्या तोंडाकडे लक्ष द्यायचं आणि शेवटी एक फॉर्म भरायचा. प्रशिक्षकांनी मला विचारलं, कारण तेरा वर्षांखालच्या त्या संघात माझं स्वतःचं मूल नव्हतं आणि कारखान्यांमधला आवाज मोजणं ही माझी नोकरी. 'तुला काय, गोंगाटाची सवयच आहे,' असं ते म्हणाले. तशी सवय मला नव्हती. कारखान्यातला आवाज कोणाचा अपमान करत नाही.

पहिल्या रविवारी मी जे ऐकलं ते घरी आल्यावर वहीत उतरवलं. तुझा मित्र, तो विमावाला, घडीची खुर्ची घेऊन येतो आणि तिच्यावर कधीच बसत नाही. तो दोरीवर पोट टेकून ओरडत होता, 'आडवी कर तिला! अजून आडवी!' ज्या मुलीबद्दल हे चाललं होतं तिच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट होती आणि मोजे घोट्यापर्यंत उतरले होते. औषधाच्या दुकानातल्या बाई संत्रं सोलता सोलता 'पाय धर तिचा, पाय!' असं सांगत होत्या, आणि संत्र्याच्या फोडीवरचे पांढरे धागे मात्र एकेक करून काढत होत्या. निवृत्त मुख्याध्यापक आजोबांनी समोरच्या संघातल्या एका जाड मुलीला 'ए रणगाड्या' म्हटलं, आणि आपण काहीतरी गमतीचं बोललो म्हणून आजूबाजूला पाहिलं. लोक हसले. मुलगीही हसली, आणि उरलेला सगळा वेळ तिने जर्सी पोटापासून ओढून धरली. त्या दिवशी रेफरी होती सतरा वर्षांची, कॉलेजात जाणारी. सामना संपल्यावर विमावाला तिच्या मागे मागे कपडे बदलायच्या खोलीच्या दारापर्यंत गेला. 'बाई, डोळे घरी विसरलात की विकलेत?' मी मधे जाऊन उभी राहिले तेव्हा तो म्हणाला, 'अहो, खिलाडूवृत्ती ठेवा जरा.' तू गाडीपाशी उभा होतास आणि हसत होतास.

शिसारी हा शब्द मी जपून वापरते. मला शिव्यांची शिसारी आली नाही. आमच्या कार्यशाळेत यापेक्षा वाईट शिव्या बोलताना वापरतात आणि त्यात कोणाचं मन नसतं. मला शिसारी आली ती सामना संपल्यानंतरच्या तोंडांची. शिट्टी वाजली की हीच माणसं रुमालाने ओठ पुसतात, आवाज मऊ करतात, आणि ज्या मुलीला पाच मिनिटांपूर्वी आडवी करायची होती तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतात, 'छान खेळलीस हं, बाळा.' तोंड तेच असतं. ओठांच्या कोपऱ्यात मघाची थुंकी अजून वाळलेली नसते. मला त्यांच्या हातची संत्र्याची फोडही घ्यावीशी वाटत नाही.

आणि तू त्यांच्यात होतास. पहिले दोन रविवार मी स्वतःला सांगितलं की तू नुसता उभा आहेस. तिसऱ्या रविवारी तुझा आवाज ओळखला. 'भिंगरी, मेलीस का? पळ!' संघातल्या मुलींनी तुझ्या लेकीचं नाव भिंगरी ठेवलं, कारण कोणी धरलं तरी ती गर्रकन फिरून सुटते, आणि तू ते नाव उचललंस ते असं वापरायला. घरी तू तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारतोस, हळू आवाजात. दवाखान्यातही तू हळूच बोलतोस. लोक तुझ्याकडे दात काढायला येतात आणि जाताना तुझे आभार मानतात. शिकत असताना तुला सरावासाठी कोणी मिळत नव्हतं तेव्हा माझ्या दाढेत पहिलं सिमेंट तू भरलंस. मी चौदा वर्षांची होते आणि घाबरले होते. तू म्हणालास, 'दुखलं तर डावा हात वर कर. मी थांबेन, लगेच.' मी सात वेळा हात वर केला. त्यातले निदान चार वेळा दुखत नव्हतं, तू खरंच थांबतोस का ते मला बघायचं होतं. तू सातही वेळा थांबलास. बाबा गेल्यानंतरच्या त्या वर्षात मी ज्या गोष्टींवर विश्वास ठेवला त्यातली ही एक होती. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

आता माझ्याबद्दल. फॉर्मवर शेवटचा रकाना असतो, 'घटना'. चार रविवार मी त्यात 'नाही' लिहिलं. पहिल्या रविवारी विमावाल्याचं नाव लिहायला हवं होतं, ते लिहिलं नाही, कारण तो तुझा मित्र. चौथ्या रविवारी गाडीतून परत येताना भिंगरीने मला विचारलं, 'आत्या, किती झाले?' मी सांगितलं. मंडईच्या वळणावर तिने तेच विचारलं. पेट्रोल पंपापाशी तिसऱ्यांदा. तू गाडी चालवता चालवता म्हणालास, 'हिचं लक्ष नसतंच कुठे.' मी आरशात तिचे डोळे पाहिले आणि मला कळलं, तिच्या डोक्याला मार बसला होता. मी मोजमापाचं शिकलेली बाई आहे. एकच गोष्ट तीनदा विचारली, तर तो योगायोग नसतो. मी गप्प बसले, कारण गाडी तुझी होती, तू मोठा होतास आणि आपण जेवायला तुझ्याकडे चाललो होतो. अहवालात मी हेही लिहिलं आहे. तुला वाटेल की मी फक्त तुझ्याकडे बोट दाखवते आहे, म्हणून आधी सांगितलं.

पाचव्या रविवारी मी ध्वनिमापक घेऊन गेले. दोरीपाशी उभं राहून मोजलं. पत्रे ठोकण्याच्या कारखान्यात जेवढा आवाज झाला की आम्ही कामगारांना कानात बोळे घालायला लावतो, त्यापेक्षा आपल्या पालकांचा आवाज जास्त भरला. आकडे फॉर्मला जोडून क्लबच्या समितीसमोर ठेवले. मी नुसतं 'वाईट वागतात' म्हटलं असतं तर बैठकीत कोणी ऐकलं नसतं. तक्ता पाहिल्यावर अध्यक्षांनी चष्मा काढला. त्यातून तो मुका रविवार ठरला. एक दिवस मोठ्यांनी अक्षर काढायचं नाही. टाळ्या चालतील, तोंड नाही. आणि तोंडाला काम हवं म्हणून दोरीपाशी डबा ठेवून प्रत्येकाला एकेक कडक लिमलेटची गोळी द्यायची, ही कल्पना मात्र प्रशिक्षकांची.

सगळ्यांनी गोळी घेतली. विमावाल्याने दोन घेतल्या, गालात दोन्हीकडे एकेक, आणि तो थेट खारीसारखा दिसायला लागला. तू एकट्याने नाही घेतलीस. 'दाताचा डॉक्टर आहे मी, लोकांसमोर हे चघळत उभा राहू? उद्या दवाखान्यात काय तोंड दाखवू?' तुझं म्हणणं मला तेव्हा पटलं. मी म्हटलं, 'बरं, दादा, तू तसाच उभा राहा.' चाळीस माणसांत तुझं एकट्याचं तोंड मोकळं राहिलं, आणि परवानगी माझी होती.

पहिला अर्धा भाग संपेपर्यंत कोणी बोललं नाही. तू मैदान बघत होतास की मोबाईल, मला माहीत नाही, पण मी ऐकत होते. सहा रविवारांत मला खेळ पहिल्यांदा ऐकू आला. ओल्या गवतावर बूट घसरल्याचा आवाज, धडक बसली की निघणारा श्वास. आणि मुली बोलतात, दादा. 'मी आहे, मी आहे, दे!' 'डावीकडे मोकळंय!' एकीचा टॅकल चुकला, समोरचीला पाडायचं राहून गेलं, तर दुसरी म्हणाली, 'जाऊ दे, पुढचा माझा.' सगळ्यांत जास्त भिंगरी बोलत होती. घरी जी पोर मीठ मागायलाही मान हलवते, ती चौदाजणींना जागा दाखवत होती, आणि त्या तिचं ऐकत होत्या. ती एकदा खेळता खेळता हसली, कोणाकडे न बघता. औषधाच्या दुकानातल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते मला खोटं वाटलं नाही, हेही लिहायला हवं.

दुसऱ्या भागातल्या अकराव्या मिनिटाला तिने तुमच्या समोरच एका मुलीला टॅकल केलं आणि तिचं डोकं त्या मुलीच्या कमरेच्या हाडावर आपटलं. चेंडू पलीकडे गेला, रेफरी चेंडूमागे धावली, सगळ्यांचे डोळे तिकडे. भिंगरी गवतात बसली. ओरडणारं कोणी नव्हतं, म्हणून तिला स्वतःकडे बघायला वेळ मिळाला असं मला वाटतं. तिने डोकं दोन्ही हातांनी धरलं, मग एक हात सोडला आणि वर केला. डावा हात. रेफरीकडे नाही. दोरीकडे तोंड होतं तिचं, तुझ्याकडे. माझ्या मनात काय आलं ते तुला सांगायची गरज नाही. तुझ्या दवाखान्यातल्या त्या खुर्चीत ती माझ्यापेक्षा जास्त वेळा बसली आहे.

तू ओरडलास, 'हात खाली! उठ! नाटकं पुरे झाली!'

तिने हात खाली केला. मी तोपर्यंत पट्ट्याचा हात हलवत रेषेवरून आत पळाले होते, पण माझ्यात आणि तिच्यात जवळजवळ सगळं मैदान होतं. ती उठली. चेंडू परत तिच्या बाजूला आला, तिने तो घेतला, कारण तिला उठायला सांगितलं होतं, आणि समोरून आलेल्या दोघींनी तिला खाली पाडलं. त्या मुलींचा यात काही दोष नाही. तू ओरडल्यापासून ती पुन्हा पडेपर्यंत एकोणीस सेकंद गेले. हे मी अंदाजाने सांगत नाही, ध्वनिमापक चालू होता. अर्धा तास जवळजवळ सपाट रेघ आहे, मग एक उभा सुळका, आणि एकोणीस सेकंदांनी रेफरीची शिट्टी. दुसऱ्यांदा पडल्यावर ती उठली नाही. गाडीत तिने दोनदा उलटी केली आणि दोन्ही वेळा 'सॉरी, बाबा' म्हणाली. तू गाडी पुसायचं फडकं शोधत होतास.

आता तू सांगतोस की सगळेच ओरडत होते. त्या दिवशी कोणीच ओरडत नव्हतं, फक्त त्याच दिवशी. तू सांगतोस की यंत्रावर माणसाचं नाव उमटत नाही. हे बरोबर आहे. यंत्र आवाज मोजतं, कोणाचा ते त्याला कळत नाही. म्हणून ते मला लिहावं लागलं. अहवाल काल दुपारी दिला. तुझं नाव पूर्ण लिहिलं आहे, तू उच्चारलेले शब्द लिहिले आहेत, तुझं माझं नातं लिहिलं आहे. माझे 'नाही' लिहिलेले चार फॉर्मही जोडले. नियमाप्रमाणे मोसम संपेपर्यंत तुला मैदानावर बंदी येईल आणि ती फळ्यावर लागेल. तुझे पेशंट ती वाचतील याची मला कल्पना आहे. नारिंगी पट्टाही परत केला. ज्या बाईने चार वेळा 'नाही' लिहिलं तिने तो बांधू नये.

तू म्हणशील, मग पत्राची काय गरज होती, सगळं लिहून मोकळी तर झालीस. खरं आहे. अहवाल द्यायला मला तुझी परवानगी नको होती, आणि तुला बरं वाटावं म्हणून मी लिहीत नाही. अजूनही तुझा विचार मनात आला की पहिल्यांदा तेच तोंड दिसतं, दोरीच्या पलीकडून उघडलेलं, आणि मला ते बघवत नाही. ते कधीतरी जाईल बहुतेक. पण मंगळवारी तू दवाखान्यात असताना मी भिंगरीपाशी बसले होते.  अंधारातच तिने विचारलं, 'आत्या, तू बाबांना सांगशील का? मी सांगितलं तर ते गप्प बसतील आणि मला ते आवडत नाही.' मी हो म्हटलं. हे पत्र लिहिलं ते त्यासाठी, बाकीचं सगळं मी त्याच्या आधी घातलं, कारण नुसता निरोप दिला असता तर तो माझा आहे असं तू समजला असतास. तिचे शब्द जसेच्या तसे देते, मी एकही बदललेला नाही: 'मला खेळायचंय. बरी झाले की खेळणार. पण बाबांनी यायचं नाही. बंदी उठली तरी नाही. बाहेर गाडीत बसले तरी नाही, कारण मला गाडी दिसते.' कधीपर्यंत, असं मी विचारलं. ती म्हणाली, 'ते मी सांगेन.' मग तिने माझा हात धरला आणि विचारलं, 'बाबांना वाईट वाटेल का?' मी तिला सांगितलं की वाटेल, पण तरी तू तिचं ऐकशील. हे मी तुझ्या वतीने परस्पर कबूल केलं आहे, दादा. तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि झोपली.

तुझीच,
धाकटी